हळदीकुंकवाचे अठरा पत्रे

मॉरिशसला स्वतःचं सैन्य नाही. आमचं दल कागदावर पोलिसांचं, रँकही पोलिसांच्या. पण कवायत, रायफल, बरॅक आणि शिव्या सैन्याच्या. लोक आम्हाला ‘सोल्दा’ म्हणायचे आणि आम्हीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मी तेव्हा कॉर्पोरल होतो. आडनाव सखाराम. पणजोबांचं नाव बोटीच्या कागदावर चढलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात एक मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, बेटावरून गेलं आणि दहा दिवसांच्या आत दुसरं आलं. ही हकीकत दोन्हींच्या मधली आहे. पहिल्या सिक्लोनच्या गोष्टी सगळेच सांगतात. वारा किती होता, कुणाचं छप्पर कुठे जाऊन पडलं. वारा थांबल्यावर माणसं काय करतात, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

सिक्लोननंतरची आमची ड्यूटी ठरलेली असे. पहाटे साडेचारला उठणं, पाचला फॉल-इन, साडेपाचला गाड्या बाहेर. एका ट्रकवर सहा माणसं, दोन करवती, चार कुऱ्हाडी, दोरखंड, पाण्याचे डबे, एक रेडिओ सेट. रस्त्यावरची झाडं कापायची. वायर पडलेली दिसली की ती मेलेली आहे असं समजायचं नाही. माणूस उभा करायचा आणि वीजवाल्यांची वाट बघायची. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय कुणाला पिऊ द्यायचं नाही. अर्ध्या पडलेल्या घरात सामान काढायला कुणी शिरू लागलं तर हात धरून बाहेर ओढायचं, मग त्याने कितीही शिव्या दिल्या तरी. आमचे इन्स्पेक्टर रोज सकाळी एकच वाक्य ऐकवत. मदत करायला गेलेला माणूस स्वतः जखमी झाला, तर तो मदत मागणाऱ्यांत एकाची भर घालतो. मला हे वाक्य पाठ होतं. एका दिवशी मी ते पाळलं नाही.

ट्रकचा ड्रायव्हर मार्सेल. क्रिओल, कॅथलिक, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या घरातला. उंच, हडकुळा, सदा गुणगुणणारा. चार वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. त्याला आमच्या आईच्या हातची पुरणपोळी फार आवडायची. तिला तो ‘मामां’ म्हणायचा, आणि आई त्याला माझ्यापेक्षा जास्त वाढायची. त्याबद्दल मी जाहीर तक्रार केलेली आहे.

सिक्लोन मंगळवारी गेलं. गुरुवारी दुपारी क्वात्र बॉर्नला डेपोतून ताडपत्र्या उचलायच्या होत्या. इन्स्पेक्टरांनी अर्धा तास दिला, आईवडिलांना बघून ये म्हणाले. आमचं घर तिथेच, सिमेंटचं, शाबूत होतं. परसातला फणस तेवढा आडवा झाला होता. बाबांनी स्वयंपाकघराच्या मागे पडवी काढायची म्हणून अठरा नवे पन्हळी पत्रे घेऊन ठेवले होते. आमच्याकडे त्याला ‘तोल’ म्हणतात. त्या आठवड्यात अख्ख्या बेटावर नवा तोल औषधालाही मिळत नव्हता.

आम्ही चहा पीत असताना दारात एक वॅन थांबली. तिच्या काचेमागे गणपतीची तसबीर, तिला ताजं जास्वंद. आतून उतरलेल्या माणसाच्या दंडावर भगवी पट्टी. मराठी अगदी स्वच्छ, आमच्यासारखं क्रिओलमध्ये बुडवलेलं नाही. म्हणाला, दक्षिणेकडच्या शमें ग्रेनिए गावात शाळेचं छप्पर गेलंय, त्याच शाळेत गावची माणसं आसऱ्याला आहेत, देवळाच्या वतीने सामान गोळा करतोय.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. चवथीच्या आधी देवळाची माणसं घरोघर फिरतात. गणपतीच्या नावाने जो दारात आला, त्याला तू कोण, पावती कुठे, असं विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे देवालाच विचारणं. नारळ, तांदूळ, जे असेल ते द्यायचं आणि वर हात जोडायचे. माझे बाबा सरकारी कचेरीत क्लार्क होते. सही घेतल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला पेन्सिल दिली नाही. त्या दिवशी मी म्हणालो, “बाबा, कागद बघायचा का?” बाबा काही बोलायच्या आत आई म्हणाली, “आरं, देवाच्या नावानं आलाय. इचारू नको. शमें ग्रेनिए म्हंजे आपलीच मानसं.”

बाबांनी अठराच्या अठरा पत्रे दिले.

आई आत गेली आणि करंडा घेऊन आली. आमच्या घरातून कुणाला दिलेली वस्तू कोरी जात नाही. तांदळाची पिशवी असो की लुगडं, हळदीचं एक बोट आणि त्याखाली कुंकवाचं एक बोट लागतं. आईचं तिसरं बोट लहानपणी उसाच्या कोयत्याने तुटता तुटता वाचलेलं, तेव्हापासून वाकडं. त्यामुळे तिचं कुंकू नेहमी डावीकडे तिरकं ओढलं जायचं. अठरा पत्र्यांच्या अठरा कोपऱ्यांना तिने बोटं लावली. मार्सेल हसत होता. “मामां, तोललापण बिंदी?” आई म्हणाली, “गप ऱ्हा, नायतर तुलापन लावीन.”

पत्रे वॅनमध्ये कुणी चढवले? मी आणि मार्सेलने. युनिफॉर्ममध्ये, भर रस्त्यात. शेजाऱ्यांनी ते पाहिलं. सोल्दा स्वतः सामान चढवतोय म्हटल्यावर कुणाला शंका येणार? समोरच्यांनी कांबळी दिली, पलीकडच्या मास्तरांनी दुधाच्या पावडरीचे डबे दिले. पट्टीवाल्याने मला सलाम ठोकला. मी उलट सलाम केला. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

शनिवारी आमची पोस्टिंग शमें ग्रेनिएला लागली. पहाटे साडेपाचला निघालो, पोचायला नऊ वाजून दहा मिनिटं झाली. वाटेत अकरा झाडं कापली आणि पाण्याखाली गेलेला एका नदीचा पूल चाचपडत ओलांडला. मी मनात खूश होतो. शाळेवर आमच्या घरचा तोल बघायला मिळेल, आईला सांगता येईल.

शाळेवर तोल नव्हता. दगडी भिंती उभ्या होत्या, दोन वर्गांवर छप्पर होतं; पण मधल्या मोठ्या खोलीवर आभाळ. आणि तिथेच साठ-पासष्ट माणसं. कोरड्या दोन खोल्यांत आजारी आणि बाळंतिणी, बाकीचे भिंतीच्या कडेने. वासे मजबूत होते, नुसते पत्रे हवे होते. मी शाळेच्या राखणदाराला विचारलं, देवळाच्या माणसाने आणलेलं सामान कुठे आहे? तो माझ्याकडे बघत राहिला. कुठलं सामान? देवळाचे पुजारीही त्याच शाळेत बसले होते. त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं.

अकरा वाजता रेडिओवर बातमी आली. दुसरं सिक्लोन वळलं होतं. वॉर्निंग चारपैकी क्लास दोन, संध्याकाळपर्यंत वारा वाढणार. मी सेटवर बसलो. झीरो म्हणजे मुख्यालय, वन बी म्हणजे आमची गाडी.

“झीरो, दिस इज वन बी. शाळेचं छप्पर उघडं आहे. साठ माणसं. पत्रे पाठवा. ओव्हर.”

“वन बी, पत्रे उद्या. माणसं दुसऱ्या शेल्टरला हलवा. ओव्हर.”

“पुलावर पाणी आणखी चढलंय. हलवता येत नाही. ओव्हर.”

“वन बी, जमेल ते करा. आऊट.”

जमेल ते म्हणजे ताडपत्री. सिक्लोनमध्ये ताडपत्री दहा मिनिटं टिकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ती ओढायला लागलो. अकरा चाळीसला मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो. तिथे सोनाआजी म्हणून एक म्हातारी भिंतीशी दोन नवे पत्रे टेकवून, त्यांना पाठ लावून बसली होती. कुणी चोरू नये म्हणून. तिचं घर पडलं होतं. पत्र्याच्या कोपऱ्यात हळदीचं बोट होतं आणि त्याखाली कुंकवाचं, डावीकडे तिरकं ओढलेलं.

मी खाली बसलो. “आजी, हे कुठून आणले?”

“लाबुतिकमदनं. फाट्यावरच्या दुकानातनं.” तिने कानाच्या रिकाम्या पाळीला हात लावला. “कुडी दिली. तिच्या बदली दोन तोल. पैसा कुटं हाय माज्यापाशी?”

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगतो. आधी लाज वाटली. मग राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. मी आजीला त्या बोटांची हकीकत सांगितली, मीच ते पत्रे चढवले हेही सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग उठली आणि पदर खोचला.

“चल,” म्हणाली. “मीबी येते.”

बारा पाचला आम्ही दुकानापाशी होतो. मी, मार्सेल, दोन जवान, सोनाआजी आणि तिच्यामागून आलेल्या दहा-बारा बायका. दुकानापुढे तीच वॅन उभी होती. पट्टीवाला दुधाचे डबे उतरवत होता. गणपतीची तसबीर उलटी करून सीटवर टाकलेली. मार्सेलने कुणी न सांगता ट्रक वॅनच्या तोंडाला आडवा लावला, किल्ली खिशात टाकली आणि गुणगुणणं थांबवलं.

आत सोळा पत्रे होते. खडूने भाव लिहिलेला, नेहमीच्या चौपट. मेणबत्त्या, तांदूळ, रॉकेल, सगळ्याला तोच हिशोब. दुकानदार म्हणाला, “मी रोकड मोजून घेतलाय माल. मला काय ठाऊक कुणाचा?” पट्टीवाला मात्र घाबरला नाही. माझ्याकडे बघून चक्क हसला.

“काप्राल, तुम्हीच तर चढवलेत वॅनमध्ये. विसरलात? सगळ्या गल्लीने बघितलंय. मी सांगेन, तुम्ही भागीदार होता.”

मी म्हणालो, “सांग. मीही तेच सांगणार आहे. चढवले मी. आता उतरवणारही मीच.”

सोनाआजी पुढे झाली. तिने एकेका पत्र्याचा कोपरा बायकांना दाखवला. “ह्ये बगा. ह्ये दिलेलं हाय. दिलेली वस्तू इकायची न्हाय.” एवढंच बोलली. आवाजही चढवला नाही. मग दुकानदारापुढे हात पसरला आणि पसरलेलाच ठेवला. बायका दाराच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या. शेवटी दुकानदाराने गल्ल्यातून कुडी काढून तिच्या हातावर ठेवली.

मी ट्रकच्या सेटवर गेलो.

“झीरो, दिस इज वन बी. चोरीचे पत्रे सापडलेत. सोळा. ताब्यात घेऊन शाळेवर ठोकतोय. एक माणूस पकडलाय. ओव्हर.”

आता स्वतः इन्स्पेक्टर बोलले. “वन बी, निगेटिव्ह. खाजगी दुकानातला माल आहे. तपास ठाण्याचा. ठाण्याची माणसं येईपर्यंत हात लावायचा नाही. अ‍ॅक्नॉलेज. ओव्हर.”

“सर, ठाण्याची माणसं पूल ओलांडू शकत नाहीत. वारा ओलांडतोय. ओव्हर.”

“हा हुकूम आहे, कॉर्पोरल.”

इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हते. नियम बरोबर होता. त्या दुपारी तो चुकीच्या जागी लागू होत होता इतकंच. मी म्हणालो, “वन बी. हुकूम ऐकला. पत्रे उचलतोय. जबाबदारी माझी, बाकी कुणाची नाही. आऊट.” आणि सेट बंद केला. नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटच्या वेळी.

दुकानदाराला चिठ्ठी लिहून दिली. सोळा पत्रे घेतले, कॉर्पोरल सखाराम, नंबर अमुक. पट्टीवाल्याला ट्रकमध्ये बसवलं. शाळेत आणून त्याला मधल्या खोलीत, उघड्या आभाळाखाली, लोकांच्या बरोबर मधोमध बसायला सांगितलं. “तू इथेच थांबायचंस. छप्पर बसेपर्यंत आणि बसल्यावरही.” कुणी त्याला हात लावला नाही. कुणी सरकून जागाही दिली नाही.

एक पंचेचाळीसला काम सुरू झालं. वर मार्सेल आणि मी, खालून पत्रे द्यायला जवान आणि गावचे पुरुष. कमरेला दोरखंड, दुसरं टोक तुळईला. वाळूच्या पोत्यांसाठी बायका गोणपाट शिवत होत्या. तीनला क्लास तीन झाला. वारा झोताझोताने यायला लागला. झोत आला की पत्र्यावर पालथं पडायचं, गेला की चार खिळे मारायचे. चारला सोळा पत्रे बसले आणि दोन पत्र्यांची जागा उरली, अगदी कोपऱ्यात. तिथून वारा शिरला असता तर सगळं छप्पर उचकटलं गेलं असतं.

खालून सोनाआजीने आपले दोन पत्रे पुढे ढकलले. मी वरून ओरडलो, “आजी, ते तुझे आहेत.”

“माजं घरच न्हाय, त्यावर काय टाकू?” ती म्हणाली. “घे वर.”

सतरावा बसला. अठराव्यासाठी कोपऱ्यापर्यंत जावं लागत होतं आणि मार्सेलचा दोर तिथपर्यंत पोचत नव्हता. त्याने दोर सोडला. मी ते बघितलं. चार वाजून पंधरा मिनिटं झाली होती. मी ओरडलो, “मार्सेल, उतर खाली. दोर बांध आधी.” तो मागे वळून म्हणाला, “एन देर्निए, काप्राल.” शेवटचा एक. मी पुन्हा हुकूम द्यायला हवा होता. तीन खिळे उरले होते. मी गप्प राहिलो. मलाही ते छप्पर पुरं झालेलं हवं होतं.

त्याने तिन्ही खिळे मारले. पत्रा बसला. तो उठून वळला आणि झोत आला. चार वीस.

तो व्हरांड्याच्या सिमेंटवर पडला. डोक्याला मार होता. शुद्धीवर होता, पण बोलणं अडखळत होतं. रेडिओ सुरू करून मी अ‍ॅम्ब्युलन्स मागितली. इन्स्पेक्टरांनी दुपारबद्दल एक शब्द काढला नाही. दोन वेळा गाडी पाठवली, दोन्ही वेळा नदीने परत लावली. आम्ही त्याला मधल्या खोलीत आणलं, कारण तीच आता सगळ्यात सुरक्षित होती. जागा करायला माणसं सरकली. पट्टीवालाही सरकला. बायकांनी वॅनमधून एक कांबळं आणलं होतं, ते मार्सेलच्या डोक्याखाली घातलं. त्याच्या कोपऱ्यालाही हळदीकुंकू होतं. कुणाच्या आईचं, ठाऊक नाही.

मार्सेलने वर बघितलं. पत्रे थडथडत होते, पण हलत नव्हते. मला विचारलं, “तियें बॉ?” नीट धरलंय का? मी म्हणालो, “नीट धरलंय.” पाच पन्नासला तो गेला.

ते छप्पर सिक्लोनभर टिकलं. सकाळी साठ-पासष्ट माणसं त्याखालून चालत बाहेर आली. त्यांत पट्टीवालाही होता. त्याला पुढे शिक्षा झाली. किती, ते मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. माझीही चौकशी झाली. हुकूम मोडल्याबद्दल माझ्या बाहीवरच्या कॉर्पोरलच्या दोन्ही पट्ट्या उतरवल्या. चौकशीत विचारलं, पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल? मी म्हणालो, पत्रे उचलीन, पण मार्सेलला दोर सोडू देणार नाही. यातला पहिलाच भाग त्यांनी कागदावर घेतला. पट्ट्या तीन वर्षांनी परत मिळाल्या. त्या घ्यायला मी बूट पॉलिश करून गेलो होतो, मान खाली घालून नाही.

तेव्हापासून आमच्या दारात मदत मागायला कुणीही येवो, देवाच्या नावाने येवो की सरकारच्या, मी विचारतो. कुणासाठी? कुठे? त्या गावात कुणाला ओळखता? मग गावात फोन करतो किंवा माणूस पाठवतो. खरं निघालं तर भरपूर देतो आणि गाडीत सामानाबरोबर स्वतः बसून जातो. सिक्लोनच्या दिवसांत चौपट भाव लावणाऱ्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसलेलोही आहे, पेन्शनीत निघाल्यावर. लोक मला संशयी म्हणतात. एका चवथीला देवळाच्या सभेत एक जण म्हणाला, सखारामकाका देवालाही पावती मागतील. मी म्हणालो, मागीन. देवाला त्यात काही अडचण नाही, अडचण त्याच्या नावावर खाणाऱ्यांना आहे. आई तेव्हा हयात होती. सभेत बायकांच्या रांगेतून तीच आधी हसली.

मार्सेलला समुद्राजवळच्या दफनभूमीत पुरलं. आई आली होती, आयुष्यात पहिल्यांदा कॅथलिक दफनाला. तिने पदरात करंडा आणला होता. मार्सेलच्या आईजवळ जाऊन तिने मोडक्या क्रिओलमध्ये विचारलं, “लावू का? आमच्या घरातून गेलेली वस्तू आम्ही कोरी पाठवत नाही.” त्या बाईला काय कळलं असेल, देव जाणे. तिने आईचा हात धरला आणि स्वतःच शवपेटीच्या कोपऱ्यावर नेऊन टेकवला. हळदीचं एक बोट. खाली कुंकवाचं, डावीकडे तिरकं.

आता दोघीही नाहीत. दर वर्षी त्या तारखेला मी दफनभूमीत जातो. क्रॉसच्या पायथ्याशी उजव्या कोपऱ्यात दोन बोटं लावतो. माझी बोटं सरळ आहेत. म्हणून कुंकू लावताना मी तिसरं बोट मुद्दाम वाकवतो.